डोळा नसलेले मासे

सगुणामावशी कधी बेल वाजवायच्या नाहीत. बोटातल्या जाड चांदीच्या वळ्याने दारावर दोनदा टकटक करायच्या आणि दार उघडेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. बेल वाजली की बाळंतीण दचकते, असं त्यांचं म्हणणं. बाळ दचकतं असं त्या म्हणत नसत.

दार उघडलं की आई हौसेनं बाळ पुढे करायची. आमच्या घरात एकोणीस वर्षांनी, म्हणजे माझ्यानंतर, तान्हं मूल आलं होतं. कुणासारखं दिसतं, नाक कुणाचं, हे सगळ्यांनी सांगावं असं आईला वाटे. मावशी बाळाकडे बघायच्याच नाहीत.

“पाव्हन्याचं मागनं बगू,” त्या म्हणायच्या. “घरधनीन कुठं हाय?”

घरधनीण म्हणजे माझी वहिनी, मनीषा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वहिनीची आई दोन वर्षांपूर्वी वारली. माहेरी वडील एकटे. म्हणून बाळंतपण आमच्याकडेच, पनवेलच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात झालं. आम्ही मूळचे घाटावरचे. बाबा जासईच्या बाजूला कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतात, दादा त्याच यार्डात गेटवर असतो. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी. इथलं बाळंतिणीचं कोण करतं हे आम्हाला माहीत नव्हतं. समोरच्या काकूंनी सगुणामावशींचं नाव सांगितलं. खारघरच्या उंच इमारतींच्या मधोमध जुनं बेलपाडा गाव अजून उरलं आहे, तिथून त्या यायच्या. मुलगा रिक्षा चालवायचा, तो सकाळी खाली सोडून जायचा.

साठीच्या असाव्यात. अंगाने बारीक, पण हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे, मोठे, रुंद. तेल कोमट झालं का हे त्या बोट बुडवून नाही, कोपराने बघायच्या. मालीश करताना भलत्याच गोष्टी बोलायच्या. सुके बोंबील किती महाग झाले, मुलाच्या रिक्षाचं हँडल कसं ओढतं, शेजारणीची कोंबडी रोज यांच्याच घरात कशी अंडं घालते. वहिनी हो की नाही म्हणायची नाही. मावशींना त्याचं काही वाटत नसे. त्या बोलत राहायच्या आणि त्यांचे हात वेगळंच काही ऐकत असावेत असं वाटायचं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वहिनीची पोटरी दाबता दाबता त्या थांबल्या. “ही झोपत नाय,” आईला म्हणाल्या.

“झोपते की,” आई म्हणाली. “दिवसभर डोळे मिटून पडलेली असते.”

“डोले मिटनं येगलं नि झोपनं येगलं. तोंड खोटं बोलतं, पोटरी नाय बोलत.”

आईला ते आवडलं नाही. आईचं स्वतःचं बाळंतपण गावाकडे, वैऱ्यालासुद्धा नको अशा घरात झालं होतं. चौथ्या दिवशी ती भाकऱ्या थापायला बसली होती. हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची, आणि ऐकवताना वहिनीच्या खोलीचं दार उघडं आहे ना हे बघायची. “मुलगा झालाय, नवरा शहाणा आहे, तेल लावायला बाई येते,” ती म्हणायची. “आणखी काय पाहिजे माणसाला?”

मावशींशी वाद घालायची मात्र तिची हिंमत नव्हती. तशी कुणाचीच नव्हती. अंघोळीनंतर मावशी बाळंतिणीला शेक द्यायच्या. लोखंडी घमेल्यात कोळसे पेटवायच्या आणि त्यावर ओवा, वावडिंग टाकायच्या. पेटवायची जागा म्हणजे बाहेरचा जिना. एकदा धूर वर गेला आणि चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी बनियनवर खाली आले. सोसायटीच्या नियमात हे बसत नाही, असं त्यांनी बऱ्याच शब्दांत सांगितलं. मावशी फुंकणीने कोळसे फुंकत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “तुमची आई कोन्या सोसायटीत बालंत झाली व्हती?” सेक्रेटरींनी बनियनवरून हात फिरवला. मग म्हणाले, “जरा खिडकीजवळ घ्या,” आणि वर गेले. त्या दिवशी वहिनीच्या तोंडावर काहीतरी हललं होतं. ते हसू होतं का हे मला अजून ठरवता येत नाही.

मला त्या “कालेजवाली” म्हणायच्या. “ये कालेजवाली, पानी बग ऊन झालं का.” “कालेजवाली, तुज्या पुस्तकात हाय का लिवलेलं, बालंतिनीला हिंग का देतात?” मला माहीत नसायचं. त्यांना त्याचा आनंद व्हायचा. मला राग यायचा, पण त्या आल्या नाहीत तर करमायचं नाही हेही खरं.

त्यांच्या काही गोष्टी मला पटायच्या नाहीत. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नव्हता. “दवाखान्यातली मानसं सुई टोचतात, हात नाय लावत.” दृष्ट काढण्यावर मात्र पुरा विश्वास. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला विचारलं होतं, “उशाशी लोखंड ठेवलंव का?” बाळंतिणीच्या उशाखाली लोखंडाचं काहीतरी हवं, म्हणजे बाहेरचं काही जवळ येत नाही, हे आईलाही ठाऊक होतं. तिने स्वयंपाकघरातला लाकडी मुठीचा चाकू आणून दिला. मावशींनी तो स्वतःच्या हाताने वहिनीच्या उशीखाली सरकवला आणि उशी दोनदा थोपटली.

वहिनीने मला तीन वेळा सांगितलं होतं, “सुजा, हा चाकू घेऊन जा आत.” हे मला आधीच लिहायला हवं होतं. पहिल्या दोन वेळा मी नेला. आईने शोधून परत ठेवला. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, “राहू दे ना वहिनी, तुझ्या भल्यासाठीच आहे.” त्यानंतर तिने सांगितलं नाही.

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. बाळ रडलं तरी हात तसेच. मांडीवर आणून ठेवलं तर पाजायची, पण हाताने धरायची नाही, उशीचा आधार द्यायची. बाळ माझ्या हातून पडेल, एवढंच म्हणायची. दादा म्हणायचा, थकली असेल. आई म्हणायची, लाड. मी काहीच म्हणत नव्हते. मला वाटायचं, हे मोठ्यांचं आहे.

विसाव्या दिवसाच्या सुमाराला मावशींनी पिशवीतून ते कापड काढलं.

बाळंतिणीचं पोट मऊ जुन्या कापडाने घट्ट बांधतात. त्या कापडाचा पुढे कुणाला उपयोग नसतो. मावशी न झोपणाऱ्या, गप्प झालेल्या प्रत्येक बाईच्या त्या कापडातून वीतभर रुंदीची पट्टी फाडून घ्यायच्या. आधीच्या पट्टीला ती जोडायच्या आणि ज्या बाईची पट्टी, तिच्या हातात सुई द्यायच्या. जे वाटेल ते शिव. फूल काढ, रेघ काढ, नुसती गाठ मार. पण एक अट होती. स्वतःच्या पट्टीला सुई लावायच्या आधी शेजारच्या, म्हणजे आपल्याआधीच्या बाईच्या पट्टीत एक टाका घालायचा. कुठेही, पण घालायचाच. त्यामुळे शेवटची सोडली तर त्या कापडात एकाच बाईच्या हातची अशी पट्टी एकही नव्हती.

हे कसं सुरू झालं ते त्यांनी एकदा सांगितलं. एक बाई होती, ती दिवसभर आपल्या पोटाच्या कापडाचे धागे उसवत बसायची. “धागं वढून वढून जाली केली तिनं. मी बोलली, मोकला हात वाईट. उसवतेस तर शिव पन. सुई दिली. तिनं गाठी मारल्या. नुसत्या गाठी. पन रडली पयल्यांदा.”

ती पट्टी मी बघितली आहे. काळ्या दोऱ्याच्या गच्च गाठी, एकाला एक लागून, मुंग्यांच्या वारुळासारख्या. आणि पुढच्या बाईने त्या प्रत्येक गाठीभोवती लाल दोऱ्याचा एकेक वेढा घातलेला. तिला एक टाका सांगितला होता, तिने किती घातले असतील कोण जाणे. एका पट्टीवर दार होतं, त्याला पाच कड्या. नंतरच्या बाईने खालच्या कडीचा टाका कापून तिथे बारीक फट ठेवली होती. एका पट्टीवर त्या बाईचं स्वतःचं काहीच नव्हतं, फक्त मधोमध एक रिकामी सुई टोचून ठेवलेली, आणि शेजारी नंतरच्या बाईचा एकच टाका. मावशींनी ती सुई तशीच राहू दिली होती. सगळ्या मिळून सतरा-अठरा पट्ट्या असतील. कापड कधी धुतलं नव्हतं. त्याला तेलाचा आणि वावडिंगाच्या धुराचा वास यायचा.

“इचारायचं नाय कुनाला काय काढलंव म्हनून,” मावशी सांगायच्या. “बाईनं कपड्याला सांगितलं. आपल्याला नाय सांगितलं.” या कापडाने बाया बऱ्या होतात, असं त्या ठामपणे म्हणायच्या, आणि म्हणताना कापडाची घडी छातीशी धरायच्या.

शेवटची, दीड वर्षापूर्वीची पट्टी मला सगळ्यात आवडली होती. फिक्या हिरव्या कापडावर करड्या दोऱ्याने काढलेले मासे. नऊ मासे, सगळे एकाच दिशेला तोंड केलेले, लांबट, टोकदार. टाके इतके बारीक आणि सारखे की बोट फिरवलं तर लागत नसत. मावशींनाही त्यांचा अभिमान होता. “समिंदराकडची पोर व्हती ती. श्रीवर्धनकडची. माहेराची आठवन आली तिला, म्हनून मासं काढलंन.”

मी त्या पट्टीचा फोटो काढला. आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी मजकूर लिहिला, ‘गोधडीतला समुद्र’. ‘खाडीकाठच्या स्त्रीचा सृजनशील आविष्कार’ असे शब्द मी त्यात घातले होते. मॅडमनी खाली लाल शाईने ‘सुंदर निरीक्षण’ लिहिलं. तो मजकूर आठ दिवस जिन्याजवळच्या काचेत होता. मुली थांबून मासे बघायच्या. मी मावशींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “बग, माजा कपडा कालेजात गेला.”

वहिनीच्या पोटाला तिच्या आईची जुनी सुती साडी बांधलेली असायची, तिचीच पट्टी. निळी, किनार विरलेली. मावशींनी ती माशांच्या पट्टीला जोडली, सुईत दोरा ओवला आणि सुई वहिनीपुढे धरली.

वहिनीने मांडीखालचे हात काढले. सुई घेतली. आई दारातून बघत होती, तीसुद्धा पुढे सरकली. पण वहिनी नुसती बघत बसली. त्या दिवशी टाका पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कापड मांडीवर, सुई हातात, नजर माशांवर.

तिसऱ्या दिवशी अंघोळ, शेक सगळं झाल्यावर मावशी तिच्यासमोर फतकल मारून बसल्या. त्यांनी एका माशावर बोट ठेवलं.

“कुठं टाका घालू, असं झालंय ना तुला? ह्ये बग. तिनं डोलं काढायचं र्‍हायलं. नऊ मासं, डोला एकाला नाय. तू घाल. एक टाका, एक डोला. सोपं हाय.”

वहिनीने मान हलवली.

“का?”

“मावशी, हे मासे नाहीत.” कितीतरी दिवसांत ती एवढं सलग बोलली नव्हती. आवाज घोगरा झाला होता.

“मग काय हाय?”

वहिनीने सुई खाली ठेवली. उशीखाली हात घातला आणि तो लाकडी मुठीचा चाकू काढला. मी पुढे झाले. तिने चाकू कापडावर ठेवला, एका माशाच्या शेजारी, आणि हात लगेच मागे घेऊन मांडीखाली दाबले.

मासा आणि चाकू एकाच मापाचे होते. मी ज्याला शेपूट म्हटलं होतं ती मूठ होती. मुठीवरचे दोन खिळे, मी खवले समजले होते, तेसुद्धा तिने काढले होते. नऊ वेळा.

मावशी वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “तुला कसं कललं?”

“मला पण हेच दिसतं,” वहिनी म्हणाली. “डोळे मिटले की. बाळ, आणि हा. मला करायचं नाहीये मावशी. मला काही करायचं नाहीये. पण दिसतं. म्हणून मी झोपत नाही.”

बाळ आईकडे होतं, बाहेर. आई त्याच्याशी काहीतरी लाडं लाडं बोलत होती, ते आत ऐकू येत होतं.

मावशींनी चाकू उचलला, पदराखाली घेतला. नंतर त्यांनी वहिनीचे दोन्ही हात मांडीखालून ओढून काढले आणि स्वतःच्या हातात धरले. तेल लावताना धरायच्या तसे नाही. नुसते धरले.

“तिच्या उशाशी पन मीच ठेवला व्हता,” त्या म्हणाल्या. ते वहिनीला उद्देशून होतं की मला, ते कळलं नाही.

त्यांनी आईला सांगितलं तेव्हा आई आधी रागावली, मग रडली, मग पुन्हा रागावली. “अहो, बाहेरची बाधा आहे ही. लोखंड काढलंत म्हणजे आणखी—”

“लोखंड माज्या पिशवीत हाय. आता दवाखान्यात जायाचं.”

“दवाखान्यात? काय सांगू लोकांना, सून वेडी झाली म्हणून?”

“सांगा ताप आलाय. डोक्यात ताप चढला. खोटं नाय ते.”

“सव्वा महिन्याआधी बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही. तुम्हीच सांगता ना?”

“मीच सांगते,” मावशी म्हणाल्या. “आन मीच आज बोलते, पडू दे.”

दादाला यार्डातून बोलावून घेतलं. तो युनिफॉर्मवरच आला. सगळं ऐकून खाटेच्या कडेवर बसला आणि बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिला. “मला का नाही सांगितलंस?” त्याने शेवटी विचारलं.

“तू बाळ माझ्याकडून काढून घेतलं असतंस,” वहिनी म्हणाली.

दादाने सोडलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली. घेतलंच असतं बहुतेक.

त्याच दिवशी दुपारी आम्ही गेलो. दादा, वहिनी, मी आणि बाळाला घेऊन मावशी. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आधी वहिनीचं एकटीचं ऐकलं, मग आम्हाला आत घेतलं. हा आजार आहे, त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतरचा, आणि तो बरा होतो. असे विचार पुष्कळ आयांच्या डोक्यात येतात. ते येतात याचा अर्थ तिला तसं करायचंय असा नाही. ती हात दाबून बसते, जागी राहते, कारण तिला बाळाला जपायचंय. काही आठवडे तिला एकटं ठेवू नका, औषध चुकवू नका, आणि तिला कशाहीबद्दल टोमणा मारू नका. शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने मान खाली घातली, आईच्या वतीने घातल्यासारखी.

“आणि तुम्ही कोण?” त्यांनी मावशींना विचारलं.

“तेल लावते.”

“वेळेवर आणलंत तुम्ही.”

“नाय,” मावशी म्हणाल्या. “उशीर झाला. दीड वरीस.”

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. त्यांनी प्रश्नार्थक पाहिलं, पण मावशी बाळाचं टोपडं सारखं करत होत्या. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सुऱ्या, विळी, अडकित्ता, कात्री, काही म्हणजे काही जागेवर नव्हतं. आईने सगळं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं.  बाधा आहे हे तिचं मत तिने बदललं नाही, आजही बदललेलं नाही. पण पुढचे कितीतरी दिवस ती भाज्या हाताने मोडायची. आम्ही रोज मेथी, पालक, चवळीचा पाला खायचो. भेंडी तिने एकदा हाताने तोडून केली, ती कुणाला खाववली नाही. बाबा म्हणाले, “अगं, दुधी आण एखादा.” आई म्हणाली, “आणा. आणि दाताने चिरा.”

वहिनी हळूहळू झोपायला लागली. एकदम बरी झाली असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. चांगले दोन दिवस आणि मग पुन्हा भिंतीकडे तोंड, असं पुष्कळ आठवडे चाललं. आईच्या तोंडून एखादा टोमणा निसटायचा आणि मग ती स्वतःच उठून गॅलरीत जायची. मावशी मात्र सव्वा महिना उलटून गेल्यावरही येत राहिल्या, तेल लावण्यासाठी नाही, नुसत्या बसायला. कापड घेऊन यायच्या.

मग वहिनीने टाका घातला. पिवळा दोरा मागून घेतला आणि पहिल्या चाकूच्या पात्यावर आडवे, एकाला एक चिकटून टाके घालत गेली. पातं गुंडाळून झाकलं, जसं मावशी तिचं पोट बांधायच्या तसं. एका पात्याला दोन दिवस लागायचे. दुखलं की थांबायची. चौथ्या पात्याच्या वेळी तिने मला विचारलं, “एक टाका घालतेस?” मी घातला. माझा टाका वेडावाकडा आला आहे, लगेच ओळखू येतो. तिने तो उसवला नाही.

भित्तिपत्रकातला माझा मजकूर तोपर्यंत काढलेला होता. मी मॅडमकडे जाऊन म्हणाले की त्यात चूक होती, मला दुसरा लिहायचा आहे. कसली चूक, त्यांनी विचारलं. लिहूनच आणते, मी म्हणाले. हा जो मजकूर आहे तो बहुतेक तोच.

मावशींमध्ये तोवर फरक पडला होता. त्या बोंबलांवर, कोंबडीवर बोलेनाशा झाल्या. वहिनी शिवत असली की तिच्या हाताकडे बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, “सगल्यांना दाखवत फिरले मी. मासं बगा, मासं बगा. तिच्यासमोर पन बोलले, किती छान मासं काढलंस पोरी. तर ती हसली. मना वाटलं, खूश झाली.” आणखी एकदा, मी एकटीच होते तेव्हा, “तिनं नऊ येला सांगितलं, कालेजवाली. मी नऊ येला आयकलं नाय.”

आपल्या मुलाला घेऊन त्यांनी त्या श्रीवर्धनकडच्या बाईचं जुनं घर शोधलं. नवीन पनवेलमधलं भाड्याचं घर होतं. तिथे आता दुसरंच कुटुंब राहत होतं. वॉचमन एवढंच सांगू शकला की ती माणसं वर्षभरापूर्वी गावाला गेली, श्रीवर्धनच्या बाजूला, आणि गावाचं नाव साधारण असं असं होतं. बाई कशी होती, मावशींनी विचारलं. वॉचमन म्हणाला, “खाली उतरायच्या नाहीत कधी.”

नवव्या पात्यावर पिवळा दोरा चढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी कापड घेऊन श्रीवर्धनला निघाल्या.

त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या चार दिवसांनी परत आल्या असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. बाई भेटली का, मी विचारलं. “जिती हाय म्हनते. अंगनात दिसली. सासू उभी र्‍हायली दारात, आत घेतलं नाय,” तो म्हणाला. कापडाचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्याची आई आता तेल लावायला जात नाही, मोऱ्याला बहिणीकडे राहायला गेली, जास्त बोलत नाही, असं तो म्हणाला. मोरा पनवेलपासून काही लांब नाही. आधी परीक्षा होती, मग बाळाला कांजिण्या झाल्या. मी गेले नाही. वहिनी दोनदा म्हणाली, जाऊ या. मी हो म्हणाले आहे.

म्हणून मला त्या आठवतात त्या पनवेलच्या एसटी स्टँडवरच्या. मी पोचवायला गेले होते, पाट्या वाचायला. सकाळचे साडेनऊ झाले असतील. फलाटावर कोलाडची, महाडची, अलिबागची अशा गाड्या लागत होत्या आणि प्रत्येक गाडी लागली की त्या विचारायच्या, “हीच का?” नवीन लुगडं नेसल्या होत्या. कडक इस्त्रीचं, त्यांना सवय नसल्यासारखं. कापडाची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

“मी येऊ का बरोबर?” मी विचारलं.

“तू घरी जा. तुजा भाऊ आज कामाला हाय, वहिनीजवल कोन हाय?”

“आई आहे.”

“तेच बोलते मी. तू जा.”

श्रीवर्धनची गाडी लागली. मी कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, त्या नावाची दोन गावं आहेत, मध्ये आठेक किलोमीटर अंतर. मावशींनी ते ऐकलं. “आधी येक बघीन, मग दुसरं,” त्या म्हणाल्या आणि पायरीवर पाय ठेवला. मग तो पाय त्यांनी पुन्हा खाली घेतला.

“सुजाता,” त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला तेव्हा कळलं. “तू शिकलेली हायस. तिच्या दारात गेल्यावर पयलं काय बोलू?”

मागची माणसं चढायची थांबली होती. मी खरंच विचार केला. तुमचं चुकलं हे सांगा. ती कशी आहे ते विचारा. तिला पिवळा दोरा दाखवा. एकही वाक्य मला पुरं करता आलं नाही.

“मला नाही माहीत, मावशी.”

“मना पन नाय,” त्या म्हणाल्या, आणि चढल्या.

त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी मागे झाली, वळली, फाटकातून रस्त्याला लागली. त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. थोडं बोलायच्या, थांबायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागायच्या.